वीस वाव पाणी आणि दहा इंची स्क्रीन

तलासरीला समुद्र आहे, माहीत आहे का? हायवेवरून गुजरातकडे सुसाट निघालेल्यांना तलासरी म्हणजे डोंगर, पाडे आणि ढाबे एवढीच दिसते. पण तालुक्याच्या पश्चिम टोकाला झाई नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. महाराष्ट्राचा किनारा उत्तरेला इथे संपतो आणि गुजरातचा उंबरगाव तालुका सुरू होतो. रस्त्यावर राज्याच्या हद्दीची पाटी असते. पाण्यावर पाटी कुठली? तिथे हद्द दिसते ती फक्त स्क्रीनवर!

आणि स्क्रीन आता होडीवर पोचलीय. झाई, बोर्डी, डहाणू खाडी, धाकटी डहाणू या पट्ट्यात जीपीएस, वायरलेस, फिश फाइंडर हे शब्द केव्हाच घरचे झाले. आता पाळी आहे मोबाइल आणि टॅबवरच्या समुद्री नकाशाची, म्हणजे चार्टची. चला, इंजिन सुरू करा!

पहिला धक्का डहाणूतच. २० अंश उत्तर अक्षवृत्त डहाणू शहराला जवळजवळ खेटून जातं, माहीत आहे का? होडी खाडीतून बाहेर काढून थोडी उत्तरेला नेली की टॅबवर आकडे पळायला लागतात. १९ अंश ५८ मिनिटं, ५९ मिनिटं आणि मग चक्क गोल गरगरीत २० अंश ००!

आता गंमत बघा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. एका अंशात ६० मिनिटं. म्हणजे डहाणूपासून विषुववृत्त किती लांब? २० गुणिले ६०, जवळजवळ १,२०० सागरी मैल. कॅल्क्युलेटर लागला नाही, नेट लागलं नाही. खलाशांचा मैल रस्त्यावरच्या मैलापेक्षा लांब का, याचं उत्तरही इथेच आहे. तो पृथ्वीच्या गोलाईवरून मापलेला आहे.

पण हेच अंश-मिनिटं भल्याभल्यांची विकेट काढतात! समजा, तांडेलाने, म्हणजे होडीच्या कप्तानाने, फोनवर सांगितलं, ‘एकोणीस अठ्ठावन्नला ये.’ त्याच्या मनात १९ अंश ५८ मिनिटं, म्हणजे डहाणूसमोरचं पाणी. ऐकणाऱ्याने ॲपमध्ये टाइप केलं १९.५८. ॲपची सेटिंग दशांशाची असेल तर ते म्हणतं, ओके बॉस! आणि पिन पडते सुमारे ४३ किलोमीटर दक्षिणेला, केळव्याच्या आसपास. फरक फक्त एका टिंबाचा. नव्या टॅबवर सर्वांत आधी काय तपासायचं, तर हीच सेटिंग.

आता रंगपंचमी! नेहमीच्या मोबाइल नकाशात समुद्र म्हणजे सपाट निळा. समुद्री चार्टमध्ये मात्र खोल पाणी पांढरं आणि उथळ पाणी निळं असतं, माहीत आहे का? उलटं वाटतं ना? कारण साधं आहे. चार्ट धोका दाखवण्यासाठी असतो, सौंदर्य दाखवण्यासाठी नाही. पांढरं म्हणजे बिनधास्त चला, निळं म्हणजे जपून. आणि हिरवं दिसलं तर? ती जागा भरतीला पाण्याखाली आणि ओहोटीला उघडी. बोर्डीच्या किनाऱ्यावर ओहोटीत समुद्र दूरवर मागे सरतो, तेव्हा पर्यटक जिथे सेल्फी काढतात, ती सगळी ‘हिरवी’ जागा.

त्याहून भन्नाट गोष्ट आकड्यांची. चार्टवर जिथे तिथे पेरलेले बारीक आकडे म्हणजे खोली. पण आकड्याखाली रेघ असेल तर ती खोली नव्हे, उंची! म्हणजे ओहोटीला तो खडक किंवा वाळूचा पट्टा तेवढा पाण्याबाहेर डोकं काढणार. एवढीशी रेघ, पण ती नजरेतून सुटली तर होडी वाळूत रुतलीच म्हणून समजा.

बरं, ही खोली मोजायची कुठून? पाणी तर तासातासाला वरखाली होतं! म्हणून चार्ट बनवणारे ओहोटीच्या पाण्याची एक खालची पातळी ठरवतात आणि तिथून मोजतात. भारतीय समुद्रासाठी अशी एक पातळी कुणी सुचवली, माहीत आहे का? सर जॉर्ज डार्विन यांनी. उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विनचे चिरंजीव! वडील माकडामाणसाचं नातं शोधत होते, मुलगा चंद्र-समुद्राचं. भारतातल्या भरती-ओहोटीचा अभ्यास करताना त्यांनी ‘इंडियन स्प्रिंग लो वॉटर’ ही पातळी मांडली आणि ती जगभरच्या सागरी पुस्तकांत गेली.

आणि आपले समुद्री नकाशे बनतात कुठे? मुंबई? कोची? विशाखापट्टणम? चूक, चूक, चूक! देहरादून! हिमालयाच्या पायथ्याशी, जिथे समुद्राची गाज ऐकूही येत नाही. या खात्याची सुरुवात १८७४ मध्ये कोलकात्यात झाली आणि १९५४ मध्ये ते देहरादूनला गेलं. आज तिथे नौदलाचं राष्ट्रीय जलालेखन कार्यालय आहे. कागदी चार्ट तिथलाच, इलेक्ट्रॉनिक चार्टही तिथलाच.

ब्रेक! कामाचा प्रश्न. किनाऱ्यापासून काही मैल आत गेलं की मोबाइलची रेंज गायब. मग टॅब बंद पडतो का? अजिबात नाही! जीपीएसला सिम लागत नाही, डेटा लागत नाही, रिचार्जही लागत नाही. तो थेट उपग्रहांचं ऐकतो. लागतो तो फक्त आधी डाउनलोड केलेला नकाशा. म्हणून शहाणा माणूस घरच्या वायफायवर चार्ट उतरवून मगच बंदरावर जातो.

पण थांबा, टॅब विकत घेताना इथेच घोळ होतो. फक्त वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस रिसीव्हर नसतोच, माहीत आहे का? सिमवाल्या मॉडेलमध्ये असतो. दुकानात दोन्ही दिसायला जुळे भाऊ. समुद्रात मात्र एक वाट दाखवतो आणि दुसरा नुसता सिनेमा. अँड्रॉइड घेतानाही खोक्यावर जीपीएस लिहिलंय का, ते वाचून घ्या.

अवकाशात काय चाललंय? जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांची अणुघड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. हा आइनस्टाइनच्या सापेक्षतेचा परिणाम! दुरुस्ती केली नाही तर दिवसाला सुमारे १० किलोमीटरची चूक साठेल. म्हणजे आज डहाणूला नांगरलेली होडी उद्या स्क्रीनवर घोलवडच्या आसपास. खाडीत उभ्या असलेल्या होडीच्या पोटात आइनस्टाइन बसलाय, बोला!

हे तंत्र आपल्याला फुकट मिळालं त्यामागे एक शोकांतिका आहे. १ सप्टेंबर १९८३ ला दक्षिण कोरियाचं प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेने जीपीएस सर्वसामान्यांना मोफत वापरू देण्याचं जाहीर केलं. तरी सिग्नलमध्ये मुद्दाम घोळ घालून अचूकता कमी ठेवली जात होती. मे २००० मध्ये तो घोळ बंद झाला आणि जगभरच्या होड्यांचे ठिपके एका रात्रीत जागेवर आले.

आपलं स्वदेशी उत्तर? ‘नाविक’! इस्रोची प्रणाली. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला. २०२३ च्या मे महिन्यात गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये तर भारतात बनलेलं रुबिडियम अणुघड्याळ आहे. अभिमानाने कॉलर ताठ करा!

आता जुन्या जाणत्यांच्या ‘ॲप’कडे वळू. बॅटरी शून्य टक्के, तरी चालू! आजची तिथी घ्या, तिची पाऊणपट करा, भरतीची साधारण वेळ हजर. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. मुंबई-पालघरच्या किनाऱ्यावर हे गणित झकास बसतं, कारण पुनवेला आणि अवसेला इथे भरती बाराच्या सुमारास लागते आणि मग रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. टॅबवरच्या भरतीच्या आलेखाशी ताडून बघा. थोडा फरक पडेल, पण कालनिर्णय बघून ओहोटीचा अंदाज बांधणारी आजी पूर्ण मार्कांनी पास!

खोलीचंही तसंच. तांडेल मीटरमध्ये बोलत नाही. तो म्हणतो, ‘वीस वाव पाणी.’ दोन्ही हात पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत होतो तो एक वाव, साधारण सहा फूट. आणि इंग्रजी फॅदम किती? तोही सहा फूट! चार्टच्या ॲपमध्ये खोलीचं एकक निवडायला मिळतं. मीटर सोडून फॅदम करा, की स्क्रीनवरचा आकडा आणि तांडेलाच्या तोंडचा वाव जवळपास एकच. दोन पिढ्यांमधला वाद एका सेटिंगमध्ये खल्लास!

सुकाणूपाशी आलं की खरी मजा. टॅब पारदर्शक पिशवीत घातलेला, पिशवी नायलॉनच्या दोरीने बांधलेली, खाली पॉवर बँक लोंबतेय. लाटेचा एक फवारा आला आणि नकाशा आपोआप झूम व्हायला लागला! भूत? नाही. पडदा बोटाची वीज ओळखतो आणि खारं पाणी विजेचं उत्तम वाहक. पाण्याचे ओघळ त्याला बोटंच वाटतात. मग तांडेल अंगठा गमछ्याला पुसून कोरडा करतो, पडदा पुसतो, पुन्हा बोट लावतो. टॅब पूर्ण ओला झाला तर? बहुतेक वॉटरप्रूफ टॅबची परीक्षा गोड्या पाण्यात झालेली असते. खारं पाणी म्हणजे आउट ऑफ सिलॅबस. घरी आल्यावर ओल्या फडक्याने मीठ पुसून काढणं मस्ट!

ऊन हाही मोठा व्हिलन. आयपॅडसाठी कंपनीने सांगितलेली हवा ० ते ३५ अंश सेल्सिअस. मे महिन्यात डेकवर उघड्या उन्हात ठेवलात तर तो तापमानाची सूचना दाखवून संपावर जातो. आणि पोलराइज्ड गॉगल घालून बघा. काही टॅब एका बाजूने धरले की पडदा काळाकुट्ट, फिरवला की परत लख्ख. टॅब बिघडला म्हणून दुकान गाठण्याआधी गॉगल काढून बघा!

सर्वांत छुपा धोका कव्हरमध्ये. टॅबच्या कव्हरला लोहचुंबक असतात. ते होकायंत्राजवळ ठेवलं की काटा बिचारा भरकटतो. टॅबमुळे होकायंत्र चुकतं, माहीत होतं का? दोघांना हातभर लांब ठेवा. रात्री आणखी एक युक्ती करा. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या स्क्रीनकडे एक नजर टाकली की ती मेहनत वाया. म्हणून चार्टच्या ॲपमध्ये नाइट मोड असतो. तो लावा, नाहीतर समोरचा दिवा न लावलेला पडाव दिसायचाच नाही.

झूम करा, नाहीतर धूम! ही नुसती यमकबाजी नाही. २९ नोव्हेंबर २०१४ ला व्हॉल्वो ओशन रेसमधली ‘टीम व्हेस्टास विंड’ ही रेसिंग बोट हिंदी महासागरात मॉरिशसच्या उत्तरेला कार्गाडोस काराजोसच्या प्रवाळ खडकांवर रात्री जाऊन आदळली. जगातले कसलेले नाविक, महागडी उपकरणं! पण इलेक्ट्रॉनिक चार्ट पुरेसा मोठा करून बघितला गेला नव्हता आणि छोट्या झूमवर तो खडक नीट दिसत नव्हता. नऊच्या नऊ जण वाचले, हे नशीब. तेव्हा निघण्याआधी अख्ख्या मार्गावर बोट फिरवायचं, प्रत्येक तुकडा मोठा करायचा आणि मगच ‘गो’ म्हणायचं.

म्हणून किनाऱ्यावरची खूण डोळ्यांनी बघायची सवय सोडू नका. डहाणूला तर खुणांची राणी आहे. औष्णिक वीज केंद्राची चिमणी, उंची सुमारे २७५ मीटर! पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब मांडला तर स्वच्छ हवेत तिचं टोक जवळपास ६० किलोमीटरपर्यंत क्षितिजाच्या वर राहतं. राज्याची सागरी हद्द १२ सागरी मैल, म्हणजे २२ किलोमीटर. चिमणी त्याच्याही पार पलीकडे साद घालते. बॅटरी संपली, टॅब पडला, जीपीएस रुसला, तरी चिमणीकडे तोंड करा आणि घरी या.

जरा मागे जाऊ. टॅब नव्हता, चिमणी नव्हती, तेव्हा? झाईच्या पलीकडचं संजाण आठवा. इराणातून निघालेले पारशी दीवहून समुद्रमार्गे आले आणि वाटेत वादळात सापडले, असं १५९९ मध्ये फारसी पद्यात लिहिलेला ‘किस्सा-ए-संजान’ सांगतो. दीव ते संजाण सरळ रेषेत साधारण १०० सागरी मैल. टॅबवर आज ही रेघ दोन बोटांत ओढता येते! पुढे संकटकाळी त्यांनी आपला पवित्र अग्नी आपल्याच डहाणू-तलासरीच्या बाजूच्या बाहरोटच्या गुहांत लपवला, अशी परंपरा आहे.

आणि १५३८-३९ मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी जुआंव द कास्त्रो याने गोवा ते दीव या प्रवासाची तपशीलवार मार्गपोथी लिहिली. बंदरं, खोल्या, खुणा सगळं टिपलेलं. म्हणजे हा किनारा चार्टवाल्यांच्या नजरेत जवळपास पाचशे वर्षांपासून आहे!

मासा कुठे मिळेल, हेही स्क्रीन सांगते का? काही अंशी, हो! हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहातून समुद्राचं तापमान आणि हरितद्रव्य बघते. जिथे थंड-गरम पाण्याची गाठ पडते आणि प्लवक फुलतं, तिथे मासा येण्याची शक्यता जास्त. त्या जागांचे अंश-मिनिटं ती मच्छीमारांना भाषाभाषांत पाठवते. टॅबवर पिन टाका आणि डिझेल वाचवा. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा केलं, त्या पापलेटसाठीही हा हिशेब मोलाचा. घोळ माशासाठी तर विचारूच नका. २०२१ मध्ये मुरब्याच्या एका मच्छीमाराला १५७ घोळ एका फेरीत मिळाले आणि १ कोटी ३३ लाख रुपयांना विकले गेले, ही बातमी देशभर गाजली.

आता एक तारीख लक्षात ठेवा. ३० ऑगस्ट २०२४, पालघर. त्या दिवशी पंतप्रधानांच्या हस्ते दोन गोष्टी झाल्या. एक, डहाणूजवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी. दोन, मासेमारी बोटींवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या देशव्यापी योजनेची सुरुवात, खर्च सुमारे ३६० कोटी. एकाच मंचावरून!

वाढवणचा चार्टशी काय संबंध? मोठा! सुमारे ७६,२२० कोटींच्या या बंदरासाठी समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत आखली आहे. म्हणजे चार्टवर आज जिथे खोलीचे आकडे आहेत, तिथे उद्या जमिनीचा पिवळा रंग. किनाऱ्यावरचे मच्छीमार वर्षानुवर्षं या बंदराला विरोध करताहेत, कारण त्यांच्या लेखी ती रिकामी जागा नाही. तिथे डोल जाळी लागते, तिथे मासा अंडी घालतो. हे कुठल्याच चार्टवर छापलेलं नसतं आणि माझ्या मते तिथेच चार्ट अपुरा पडतो. बदल होतील तसे देहरादूनहून दर पंधरवड्याला निघणाऱ्या ‘नोटिसेस टू मरिनर्स’मध्ये ते येतील. जुना चार्ट घेऊन फिरणाऱ्या टॅबला त्यांचा पत्ताही लागणार नाही. अपडेट दाबलात का?

आता ट्रान्सपाँडर. इस्रोच्या तंत्रावर बनलेली ही पेटी रेंज नसतानाही उपग्रहातून छोटे संदेश पाठवते आणि घेते. ब्लूटूथने ती मोबाइलच्या ‘नभमित्र’ ॲपला जोडली जाते. वादळाचा इशारा येतो, संकटाचा संदेश जातो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी सीमा जवळ आली की ती सावध करते.

डहाणूपासून पाकिस्तानची हद्द शेकडो किलोमीटर लांब, मग आपल्याला काय त्याचं? खूप काही. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरचे अनेक आदिवासी तरुण दरवर्षी ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. त्यातले कित्येक सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून पकडले गेले आणि कराचीच्या मलीर तुरुंगात वर्षानुवर्षं अडकले. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘जलपरी’ बोटीवर पाकिस्तानी गोळीबार झाला आणि पालघरच्या वडराईचा मच्छीमार जिवानिशी गेला. दोन्ही देश दर १ जानेवारीला आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. आपल्या पाड्यांवर त्या तारखांची वाट बघितली जाते.

आणि हे माहीत आहे का? सर क्रीकजवळची ती सागरी सीमा दोन्ही देशांनी मिळून अजून अधिकृतपणे आखलेलीच नाही! स्क्रीनवर रेघ दिसते, पाण्यात काहीच नाही, करारातही नाही.

बोटीवर स्क्रीन असते तांडेलासमोर. जाळं ओढणाऱ्या तलासरीच्या पोराला ती दिसतसुद्धा नाही, पण तुरुंगात तोही जातो. म्हणून सीमेचा इशारा अख्ख्या डेकवर ऐकू जाईल असा भोंग्यासारखा वाजला पाहिजे आणि खलाशांना कामावर घेतानाच प्रत्येकाला ‘नभमित्र’ त्याच्या बोलीत शिकवलं पाहिजे. सगळ्या तंत्रज्ञानात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा एक बीप.

शेवटी एक नंबर, आत्ताच सेव्ह करा: १५५४. भारतीय तटरक्षक दलाचा टोल-फ्री. डहाणूतही त्यांचं स्थानक आहे. फोन करताना टॅबवरचे अंश आणि मिनिटं वेगवेगळी सांगा. टिंब मध्ये आणू नका!